मार लागून पडलेला दात वाचवा



एरवी मी आपल्याशी बियाणे, खते अन् कीड-रोग यांविषयी बोलतो. आज बोलणार आहे दाताविषयी. म्हणाल, शेतीच्या माणसाला दाताचे काय पडले आहे? तर गोठ्यात बैल मान झटकतो, हातपंपाचा दांडा उसळतो, पोरे सायकलवरून पडतात आणि समोरचा चांगला दात मुळासकट बाहेर येतो. पुष्कळदा तो कागदात गुंडाळून खिशात ठेवतात, नाहीतर फेकूनच देतात. पण वेळेवर हालचाल केली तर तोच दात पुन्हा जागेवर बसू शकतो.

दाताच्या मुळावर एक पातळ पापुद्रा असतो. त्यातल्या जिवंत पेशी दाताला जबड्याच्या हाडाशी धरून ठेवतात. वांग्याचे रोप उपटून उन्हात बांधावर टाकले, तर ते लावल्यावर जीव धरील का? दाताचेही तसेच. अर्धा तास कोरडा राहिला की या पेशी भराभर मरू लागतात. तासाभराने बहुतेक सगळ्या गेलेल्या असतात.

तेव्हा असे करावे :

१. दात शोधून पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला हात लावू नये, ते घासू किंवा खरवडू नये.

२. माती लागली असेल तर दुधाने किंवा थंड पाण्याच्या बारीक धारेखाली १० सेकंदांपर्यंत धुवावे. साबण, मीठ, हळद काही लावू नये.

३. माणूस शुद्धीवर व शांत असेल, तर दात लगेच खाचेत सरळ बसवावा आणि स्वच्छ रुमाल दाताखाली हलकेच चावून धरायला सांगावा. सर्वांत उत्तम उपाय हाच.

४. ते जमत नसेल तर दात थंड दुधात बुडवून ठेवावा. दूध तापवून गार केलेले किंवा पिशवीतले चालेल. साखर घातलेले, गरम दूध, दही, ताक नको. दूध नसेल तर सलाईन किंवा वाटीत त्याच माणसाची थुंकी घ्यावी.

५. त्याच पावली दंतवैद्याकडे जावे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारावे.

पाण्यात का ठेवू नये? पिकल्या द्राक्षावर पाऊस पडला की मणी पाणी पिऊन तडकतात. साध्या पाण्यात पेशींचे तसेच होते. दुधातल्या क्षारांचे प्रमाण पेशींना मानवते, म्हणून त्या काही तास तग धरतात. मात्र दुसरे काहीच हाताशी नसेल, तर दात कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी बरे.

लहान मुलांचा दुधाचा दात मात्र परत बसवू नये. खाली वाढणाऱ्या पक्क्या दाताला इजा होते. समोरचे पक्के दात साधारण सहाव्या ते आठव्या वर्षी येतात. दात कोणता हे कळत नसेल तर दुधात घालून दंतवैद्याला दाखवावा. उशीर झाला तरी पक्का दात टाकू नये, सोबत न्यावा.

माणूस बेशुद्ध झाला, उलट्या होऊ लागल्या किंवा रक्त थांबेना, तर आधी दवाखाना, मग दात.

घरातल्या मुलांना आणि शाळेतल्या गुरुजींना एवढे जरूर सांगा : पडलेला दात खिशात नको, दुधात हवा.