जिंजी : आपल्या वाटेवरचा किल्ला
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



बंगलोरहून पाँडिचेरीला आपण सगळेच जातो. तिरुवण्णामलै सोडल्यावर सुमारे ४० किलोमीटरवर जिंजी लागते. गाडी मात्र सहसा थांबत नाही.

शिवछत्रपतींनी १६७७ साली हा किल्ला घेतला. १६८९ मध्ये रायगडाला मोगलांचा वेढा असताना राजाराम महाराज पन्हाळ्याहून वेषांतर करून जिंजीकडे निघाले, ते आपल्या या बंगलोरवरूनच. इथे पहारेकऱ्यांना संशय आला. महाराज पुढे निसटले. खंडो बल्लाळ मागे राहिले, मार खाल्ला, पण तोंड उघडले नाही, अशी हकीकत सांगतात.

मी पडलो रेल्वेचा इंजिनिअर, तेव्हा तिथल्या पुलाबद्दल बोलतो. राजगिरीचा माथा सुमारे २४० मीटर उंच. माथ्याजवळ खडकात खोल भेग आहे. तिच्यावर लाकडी पूल असे. शत्रू आला की काढून घ्यायचा. आमची सारी खटपट पूल हलू नये म्हणून, आणि इथे सगळे बळ तो हलवता येतो यात! झुल्फिकारखानाचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत रेंगाळला. किल्ला पडला तेव्हा महाराज केव्हाच निघून गेले होते.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. ११ महाराष्ट्रातले, बारावा जिंजी. कल्याणमहाल आणि धान्याची कोठारे अजून उभी आहेत. जाल तेव्हा सकाळी लवकर चढा, पाणी बरोबर घ्या, आणि डबा माकडांपासून सांभाळा.