मोफत तपासणी, निम्म्या किमतीत चष्मा

(परळ येथे युवा कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



पुढच्या महिन्यात आपण वस्तीत नेत्रतपासणी शिबिर घेणार आहोत. एका चष्म्याच्या दुकानदाराचा प्रस्ताव आला आहे. मशीन त्यांचे, तपासणारा माणूस त्यांचा, तपासणी फुकट, चष्म्यावर पन्नास टक्के सूट आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक चष्म्यामागे काही रक्कम आपल्या निधीला. प्रस्ताव घ्यावा की नाही, यावर मला बोलायला सांगितले आहे. मी वकील आहे, ग्राहकांच्या तक्रारी बघतो. डोळ्यांचा डॉक्टर नाही, एवढे लक्षात ठेवून ऐका.

सूट देणे हा गुन्हा नाही, हे आधी सांगतो. गिरगावात किंवा दादर स्टेशनबाहेर फिरलात तर 'कम्प्युटरवर डोळे तपासणी मोफत' अशी पाटी दिसेलच. दुकानदार आपला नफा कमी करत असेल तर कायद्याला त्याचे काही वाटत नाही. पण ज्या फ्रेमवर किमतीची चिठ्ठी तो स्वतःच चिकटवतो, त्या किमतीवर पन्नास टक्के म्हणजे नक्की कशाचे पन्नास टक्के? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. एखादी गोष्ट फुकट देतो असे भासवायचे आणि तिचा खर्च एकूण बिलातच वसूल करायचा, हा प्रकार त्या यादीत आहे. आणि 'चष्मा आमच्याकडून घेतला तरच नंबर देऊ' ही अट घातली, तर एक घेण्यासाठी दुसरे घ्यायला लावणे होते. कायद्याने त्याला निर्बंधक व्यापारी प्रथा म्हटले आहे.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत खरा त्रास हाच असतो. नंबराचा कागद मिळत नाही. मदनपुऱ्यातले एक जरीकाम करणारे चाचा आले होते. चाळिशीनंतर जवळचे दिसेनासे होते, ते सगळ्यांचेच होते. पण जरीवाल्याची रोजीच त्यावर. त्यांना दुकानात सांगितले, 'नंबर आमच्या कम्प्युटरमध्ये आहे, चष्मा घ्या, होईल काम.' चाचांनी घेतला. दुसरीकडे भाव विचारायचा तर हातात काहीच नव्हते.

अमेरिकेत हेच चालायचे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७८ मध्ये नियम केला: तपासणी झाली की नंबराचा कागद रुग्णाच्या हातात द्यायचा. त्याने मागायची वाट बघायची नाही आणि वेगळे पैसेही घ्यायचे नाहीत. आपल्याकडे चष्म्यासाठी इतका थेट नियम नाही. डॉक्टरने तपासले असेल तर २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावी लागतात. ऑप्टोमेट्रिस्टना २०२१ च्या कायद्याने नोंदणीच्या कक्षेत आणले आहे.

आता निधीच्या रकमेकडे येतो, कारण आपल्या कार्यकर्त्यांना तीच जास्त आवडली आहे.

रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरने कमिशन घेणे किंवा देणे २००२ च्या नियमांत साफ मना आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून आजही जुनेच लागू आहेत. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला चष्मा पुरवणे चुकीचे नाही, त्याची पिळवणूक होत नसेल तर. त्याने चष्म्याचे खुले दुकान मात्र टाकायचे नाही. हे कागदावर. २०१७ साली मुंबईत एशियन हार्ट इन्स्टिट्यूटने डॉक्टरांना कमिशन देत नसल्याचे फलक लावले, तर इंडियन मेडिकल असोसिएशनने फलकांनाच हरकत घेतली! त्याच वर्षी राज्य सरकारने माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीकडून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करून घेतला. कायदा काही झाला नाही.

आपण डॉक्टर नाही, त्यामुळे हे नियम आपल्याला लागत नाहीत. कोणीतरी मघाशी हेच म्हणाले. बरोबर आहे. पण शिबिरात बाई येते ती दुकानाची पाटी बघून येत नाही. मोहल्ल्यातली आपली मुले आहेत म्हणून येते. चष्म्यामागे आपल्याला पैसे मिळणार असतील, तर ज्याला चष्मा नको त्यालाही 'घेऊन टाका खाला' म्हणायला आपली जीभ वळेल. मला या पैशाची भीती वाटते ती यासाठी.

दुसरे, मशीनवर डोळा टेकवला म्हणजे डोळे तपासले असे होत नाही. मशीन नंबराचा अंदाज देते. लहान मुलांना थेंब न घालता मशीनवर बसवले तर मायनस नंबर जास्त दाखवू शकते. काचबिंदू त्यात कळत नाही, मधुमेहाने पडद्यावर झालेला परिणाम कळत नाही. मधुमेह असलेला माणूस सवलतीचा चष्मा घालून 'डोळे दाखवून आलो' म्हणत घरी गेला, तर शिबिराने त्याचे नुकसानच केले.

म्हणून माझे म्हणणे असे. निधीची रक्कम नको, हे आजच कळवा. प्रत्येकाला नंबराचा कागद मिळाला पाहिजे, तारीख, तपासणाऱ्याचे नाव आणि दोन बाहुल्यांमधले अंतर, म्हणजे पीडी, लिहून. ते नसेल तर दुसऱ्या दुकानात परत मोजावे लागते. चष्मा कुठूनही घेता येईल, हे उर्दू आणि मराठीत मोठ्या अक्षरांत लावा. विक्रीचे टेबल तपासणीच्या खोलीत नको. मुले आणि मधुमेहाचे रुग्ण यांची वेगळी यादी करून त्यांना डॉक्टरकडे पोचवायची जबाबदारी कोणाची, ते नावानिशी ठरवा. बिल घ्यायला सांगा. तपासणी फुकट असली तरी चष्मा विकत घेतलेला असतो, त्यामुळे तो माणूस ग्राहक आहे. १९१५ वर फोन करता येतो आणि ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

दुकानदाराला हे मान्य असेल तर आनंदाने बोलवा, सूटही देऊ द्या. नसेल तर इथे परळलाच हाजी बचूअली यांच्या नावाचे धर्मादाय नेत्र रुग्णालय आहे. उद्या दोघेजण जाऊन विचारून या.