कुणाच्या साक्षीला वजन असतं?



आज मी आर. केली या अमेरिकन गायकाच्या खटल्यांवर बोलणार आहे. शिकागोच्या साउथ साइडला एकट्या आईनं वाढवलेला हा काळा मुलगा जगप्रसिद्ध झाला. वस्तीला त्याचा अभिमान होता. तो अभिमान खोटा नव्हता, हे आधी मान्य करू. आपल्यातला कुणी मोठा झाला की आपल्यालाही तसंच वाटतं.

२००२ साली एका अल्पवयीन मुलीच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितीवरून त्याच्यावर आरोप ठेवले गेले. खटला उभा राहायला सहा वर्षं लागली. दरम्यान त्याची गाणी खपतच राहिली. २००८ मध्ये ज्युरीनं त्याला चौदाही आरोपांतून सोडलं. फितीतली मुलगी साक्षीला आलीच नव्हती. पण ज्या बाया आल्या, त्यांचं काय झालं? त्या ज्युरीतल्या एका गोऱ्या माणसानं पुढे कॅमेऱ्यासमोर सांगितलं की, त्या बायांचे कपडे, त्यांचं वागणं आपल्याला आवडलं नाही, म्हणून विश्वास बसला नाही.

हे ऐकल्यावर मला भंवरीदेवी आठवल्या. १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडताना म्हटलं होतं की, वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईवर बलात्कार करणार नाहीत. देश वेगळा, कायदा वेगळा. पण बाईनं तोंड उघडण्याआधीच तिच्या साक्षीचं वजन ठरलेलं होतं.

एक फरक मात्र आहे, आणि आज मला त्याच्यावरच बोलायचंय. भंवरीदेवींचे आरोपी वरच्या जातीतले होते. केली आणि त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्या बहुतेक मुली एकाच समाजातल्या. २०१७ मध्ये दोन काळ्या स्त्रियांनी 'म्यूट आर. केली' ही मोहीम सुरू केली. पुढच्या वर्षी केलीच्या बाजूनं या मोहिमेला चक्क 'लिंचिंग' म्हटलं. हा शब्द साधा नाही. बलात्काराचे खोटे आळ घेऊन काळ्या पुरुषांना झाडाला लटकवलं गेलं, हा खरा इतिहास आहे. पण तो इतिहास १८९२ पासून जिवाची जोखीम घेऊन जगापुढे मांडला कुणी? आयडा बी. वेल्स या काळ्या स्त्रीनं. तिनं कमावलेला शब्द आता काळ्या मुलींनाच गप्प करायला वापरला जात होता.

त्या गप्प बसल्या नाहीत. २०१९ च्या जानेवारीत माहितीपट आला, अनेकजणी कॅमेऱ्यासमोर बोलल्या. २०२१ मध्ये ब्रुकलिनच्या न्यायालयात तो नऊही आरोपांत दोषी ठरला. तीस वर्षांची शिक्षा झाली. २०२२ मध्ये शिकागोत तीच मुलगी, आता तिशीतली बाई, टोपणनावानं साक्षीला उभी राहिली. फितीत मीच होते, म्हणाली. तिथे तेरापैकी सहा आरोप सिद्ध झाले. २००८ चा खटला दडपल्याचा आरोप मात्र सिद्ध झाला नाही. तेही सांगितलं पाहिजे.

आता आपल्याकडे येते. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या एका कार्यक्रमानंतर माझ्या मैत्रिणीनं एका गायकाची तक्रार केली. तिला सांगितलं गेलं, 'ताई, चळवळीची बदनामी होईल. सवर्णांच्या हाती कोलीत देऊ नका.' सांगणारे वाईट लोक नव्हते. खोट्या केसेसची भीतीही खोटी नव्हती. आपल्या पोरांना पोलीस कसं उचलतात, आपण पाहिलंय. तिनं तक्रार मागे घेतली, आणि चळवळीत येणंही थांबवलं. तेव्हा मीही तिला 'थोडं थांब' असंच म्हटलं होतं.

म्हणून एवढंच मागते. सवर्ण न्यायाधीशानं आपल्या बाईची साक्ष हलकी धरली की आपण रस्त्यावर उतरतो. तीच बाई आपल्याच माणसाविरुद्ध बोलायला उठेल, तेव्हा तिचं पूर्ण ऐकून घ्या. चौकशी करा, त्यालाही बाजू मांडू द्या. पण तिला उठायच्या आधीच खाली बसवू नका.

जय भीम.