मोडलेल्या हाडाचा आधार

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातील एखादा मुलगा झाडावरून पडला आणि त्याचा हात मनगटाशी वाकडा झाला, अशी कल्पना करावी. घरातील मंडळी काय करतात? कोणी हात ओढून सरळ करू पाहतो. कोणी बांबूच्या कामट्या लावून फडक्याने करकचून आवळतो. हेतू चांगला असतो. परंतु रक्तप्रवाह अडून हातच गमावण्याची वेळ येते ती अशा आवळण्यामुळे.

ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोह, उंबर, पिंपळ, पळस, वड यांच्या साली व वेळू यांचा आधार सांगितला आहे. बंध सैल राहिल्यास सांधा स्थिर होत नाही आणि घट्ट झाल्यास सूज, वेदना व पू होतो, हा इशाराही तेथेच आहे. थंडीत ७, साधारण ऋतूत ५ व उन्हाळ्यात ३ दिवसांनी बंध बदलावा, असा नियम आहे.

सपाट फळी अवयवाला नीट बसत नाही. म्हणून डच लष्करी शल्यवैद्य अँटोनियस मॅथिसन यांनी १८५२ साली प्लास्टरची भुकटी चोळलेल्या पट्ट्यांची रीत प्रसिद्ध केली. ओली पट्टी अंगाचा आकार घेते आणि मग कठीण होते. पुढे व्हिएतनाम युद्धात काम केलेले अमेरिकन शल्यवैद्य सॅम शाइनबर्ग यांना च्युइंगमच्या चांदीच्या कागदावरून एक युक्ती सुचली. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा फोमच्या दोन थरांत ठेवला, की हाताने वळणारी पट्टी तयार होते. सपाट असता ती लवते. लांबीच्या दिशेने पन्हळीसारखी वळवली की ताठ होते. बुऱ्हाणपूरच्या केळीबागेतील पानाचा देठ एवढे मोठे पान तोलतो, तोही याच पन्हळीच्या आकारामुळे.

अशी पट्टी घरी नसली, तर घडी घातलेले जाड वर्तमानपत्र पन्हळीसारखे वळवून आत मऊ कापड घालावे. अवयव आहे त्या स्थितीतच ठेवावा. पट्टीला आकार द्यावयाचा तो प्रथम चांगल्या हातावर. दुखावलेल्या जागेच्या वरचा व खालचा सांधा आधारात यावा. अंगठी, बांगड्या आधीच काढाव्यात व बोटांची टोके उघडी ठेवावीत. ती गार, निळसर किंवा बधिर झाली, तर बंध तत्काळ सैल करावा.

एवढे करून मुलाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. हाड बसविणे हे डॉक्टरांचे काम. तोवर त्याला हलू न देणे, एवढेच घरच्यांचे.