घर जळतें तेथें पाणी



ज्यांनीं साठी ओलांडली आहे, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या दंडावर देवी काढल्याचे वण आजहि दिसतात. ज्या रोगाच्या भयानें ते वण करून घेतले जात, तो रोग मात्र आतां पृथ्वीवर उरलेला नाहीं. या विजयाचें श्रेय आपण लशीला देतों, व तें योग्यच आहे. परंतु जेन्नरनें आपला प्रसिद्ध प्रयोग केला १७९६ सालीं, आणि जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली १९८० सालीं. उपाय हातीं असतां रोग इतका काळ कां टिकला? याचें उत्तर केवळ औषधांत सांपडत नाहीं; काम कसें योजिलें जातें आणि तें चालविणारे कसे वागतात, यांत तें शोधावें लागतें.

भारतांत देवीनिर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९६२ सालीं सुरू झाली. सर्वांस टोंचावें, हें तिचें सूत्र. कोट्यवधि लोकांस टोंचलें गेलें. पण शाळेंतील मुलांसारखीं हाताशीं सांपडणारीं माणसें पुनःपुन्हां टोंचलीं जात, आणि भटके, मजूर व तान्हीं मुलें सुटून जात. किती टोंचले हा आंकडा कामाचें माप ठरला. रोगी किती उरले, हें कोणी फारसें पाहत नसे. शिवाय रोग आढळल्यास ठपका आपल्यावर येईल या धास्तीनें रोगाची बातमी खालींच दडपली जाई.

१९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियांत विल्यम फेगी या अमेरिकन डॉक्टरपाशीं सर्वांस पुरेल इतकी लस नव्हती. म्हणून रोगी शोधून त्यांच्या भोंवतालच्या लोकांसच टोंचण्यांत आलें, आणि साथ थांबली. हीच रीत १९७३ सालीं भारतानें स्वीकारली. त्या ऑक्टोबरांत उत्तर प्रदेश व बिहार येथें आठवड्याभराच्या शोधांत सुमारें १०,००० रोगी सांपडले. आंकडा एकदम फुगला. अशा वेळीं शोधणाऱ्यावरच रागावण्याचा मोह मोठा असतो. चालकांनीं तो आवरला. दडलेला रोगी सांपडणें हीच कामाची प्रगति, असें त्यांनीं मानलें. पुढें तर नवा रोगी कळविणारास रोख बक्षीसहि ठेविलें. रोग्याचें चित्र घेऊन कार्यकर्ते शाळाशाळांतून आणि बाजारांतून विचारीत फिरले.

१९७४ सालीं बिहारांत साथ भडकली, तेव्हां पुन्हां सरसकट टोंचणीकडे वळावें असा राज्यांतील वरिष्ठांचा आग्रह पडला. फेगी यांनीं आपल्या आठवणींत सांगितलें आहे कीं, त्या सभेंत एक तरुण भारतीय डॉक्टर उठून बोलला. त्याचा आशय असा : आमच्या गांवांत घर पेटलें तर पाणी त्या घरावर ओततात, बाकीच्या घरांवर नव्हे. त्याचें बोलणें मानलें गेलें व नव्या रीतीस आणखी अवसर मिळाला. मे १९७५ मध्यें भारतांतील शेवटचा रोगी नोंदला गेला.

या यशास एक डागहि आहे. कांहीं ठिकाणीं नकार देणाऱ्यांस बळानें टोंचल्याच्या नोंदी आहेत. १८९७ सालीं प्लेगच्या वेळीं पुण्यांत गोऱ्या शिपायांनीं घरें धुंडाळलीं, तेव्हां लोक रोगी लपवूं लागले, हें महाराष्ट्रास वेगळें सांगावयास नको. भीतीपोटीं रोगी लपविणारें घर आणि ठपक्याच्या धास्तीनें आंकडा लपविणारी कचेरी, या दोहोंचा परिणाम एकच : रोग अंधारांत वाढतो.

म्हणून ज्यांच्या हातीं आरोग्याचें काम आहे, त्यांना माझें सांगणें एवढेंच. वाईट बातमी घेऊन येणारास आधीं बसावयास सांगा. कामाचें माप कागदावरून न घेतां रोग्याच्या उंबरठ्यावरून घ्या. आणि सभेंत सर्वांत धाकटा बोलावयास उठला, तर मोठ्यांनीं क्षणभर थांबावें. जळणारें घर कदाचित् त्यानेंच पाहिलेलें असतें.