विरोधी बाकांवरचे सहकार्य कसे मोजावे?



डॉक्टरला व्याख्यानाला बोलावले की तो आरोग्यावर बोलणार, असे सगळे धरून चालतात. मी विधिमंडळावर बोलायचे ठरवले याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. पण हा प्रश्न माझ्या दवाखान्यातूनच उठला आहे. रुग्ण दुसऱ्यांदा येतो तेव्हा मी विचारतो, "कसे आहे?" तो म्हणतो, "पहिल्यापेक्षा बरे वाटते." आम्हा होमिओपॅथीवाल्यांवर आक्षेप असतो की तुम्ही अशा 'बरे वाटते'वरच समाधान मानता. या आक्षेपात तथ्य आहे, हे मी फार वर्षांपूर्वी मान्य केले. तेव्हापासून मी दुसरा प्रश्नही विचारतो : रात्री किती वेळा उठलात? किती पायऱ्या चढल्यावर दम लागला? उत्तर आकड्यात आले की कधी रुग्णाचा भ्रम फिटतो, कधी माझा.

आमदार-खासदारांविषयी आपण असेच मोघम बोलत असतो. राजवाड्यापाशी पोहे खाताना एक जण म्हणतो, "हे लोक एकमेकांचे काही ऐकतच नाहीत." दुसरा म्हणतो, "अहो, आतून सगळे एकच आहेत." दोघांनाही आपण मान डोलावतो. ही दोन विधाने एकाच वेळी खरी कशी असतील, हे कोणी विचारत नाही. म्हणून प्रश्न असा की, पक्षाची भिंत ओलांडून लोकप्रतिनिधी किती सहकार्य करतात, हे मोजता येते का? येत असेल तर नेमके काय मोजायचे?

अमेरिकेत हा प्रयत्न झाला आहे. रिचर्ड लुगर हे इंडियाना राज्याचे रिपब्लिकन सिनेटर ३६ वर्षे सिनेटमध्ये होते. सोव्हिएत संघ कोसळत असताना १९९१ साली डेमोक्रॅट सॅम नन यांच्याबरोबर त्यांनी एक कायदा करून घेतला आणि तिथली अण्वस्त्रे निकामी करण्यासाठी पैसा उभा केला. पुढे २०१२ मध्ये स्वतःच्याच पक्षातल्या उमेदवारी-निवडणुकीत ते हरले. विरोधी पक्षाशी त्यांचे जुळते, हाच प्रचारात त्यांचा दोष ठरला होता. नंतर त्यांच्या संस्थेने जॉर्जटाउन विद्यापीठाच्या साहाय्याने २०१५ पासून एक निर्देशांक प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्याची रीत सोपी आहे. सदस्याने मांडलेल्या विधेयकाला दुसऱ्या पक्षाचे किती सहप्रस्तावक मिळाले आणि दुसऱ्या पक्षाच्या विधेयकांवर त्याने स्वतः किती वेळा सही केली, हे मोजायचे. भाषणे मोजायची नाहीत.

ही पट्टी आपल्याकडे तशीच लावता येत नाही. आपल्याकडे कायदे सरकार मांडते. एकट्या सदस्याने मांडलेली अशासकीय विधेयके स्वातंत्र्यानंतर फक्त १४ मंजूर होऊन कायदा झाली आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. दुसरे असे की आपल्याकडची बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'होय'चा आवाज मोठा की 'नाही'चा, एवढेच ठरते. कोणी काय म्हटले याची नोंद राहत नाही. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली आणि पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते अशी तरतूद झाली. मग मतविभाजन झाले तरी दिसते ते पक्षाचे मत. दिनेश गोस्वामी समितीने १९९० मध्ये सुचवले होते की ही सक्ती विश्वासदर्शक किंवा अविश्वासाच्या ठरावापुरती ठेवावी. ते झालेले नाही.

पक्षांतराचे एक सांगितले पाहिजे. १९६७ मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसचे ३६ आमदार बाहेर पडले आणि द्वारकाप्रसाद मिश्रांचे सरकार गेले. मार्च २०२० मध्ये २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि कमलनाथांचे गेले. भिंत ओलांडून पलीकडे राहायला जाणे वेगळे आणि आपल्या घरात राहून शेजाऱ्याशी मिळून विहीर खणणे वेगळे. आपण मोजायचे ते दुसरे.

मग एकमताने झालेले ठराव मोजावेत काय? इथे सीमाप्रश्नाचे उदाहरण घ्या. २२ डिसेंबर २०२२ रोजी कर्नाटक विधानसभेने एकमताने ठराव केला की इंचभरही जमीन देणार नाही. २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळाने एकमताने ठराव केला की बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह ८६५ गावांची जमीन मिळवणार. दोन्हीकडे एकमत, तेही परस्परविरुद्ध! सीमाभागातल्या मराठी माणसाचे दुःख खरे आहे, आणि आपल्यापैकी अनेकांचे सोयरे तिकडे आहेत. पण त्या दिवशी सभागृहातल्या कोणालाही आपल्या पक्षाचे काही सोडावे लागले नाही. ज्या एकमताला किंमत मोजावी लागत नाही, त्याला सहकार्य म्हणणे जड जाते. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्रातल्या आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर झाले, तेही एकमतच. आणि डिसेंबर २०२३ मध्ये संसदेतून विरोधी पक्षांचे १४६ सदस्य निलंबित असताना विधेयके भराभर मंजूर झाली. 'नाही' म्हणणारे बाहेर असतील तर 'होय' किती मोठा होता याला काय अर्थ?

तेव्हा माझ्या मते तीन गोष्टी मोजण्याजोग्या आहेत.

पहिली, समितीचे काम. संसदेत १९९३ पासून विभागांशी संबंधित स्थायी समित्या आहेत. आज त्या २४ आहेत आणि प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० सदस्य असतात. तिथे कॅमेरा नसतो, व्हिप चालत नाही, अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारता येतात. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेने विरोधी पक्षाकडे असते. आता आकडे पाहा. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली. सोळाव्या लोकसभेत सुमारे चतुर्थांश. सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. सहकार्याची जागाच आक्रसत गेली, हे या आकड्यांतून कळते.

आपल्या इंदूरने १९८९ पासून सलग आठ वेळा सुमित्राताई महाजनांना लोकसभेत पाठवले आणि २०१४ ते २०१९ त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. २०१५ मध्ये त्यांनी २५ सदस्यांना ५ दिवस निलंबित केले ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. पण अध्यक्षांच्याच देखरेखीखाली कामकाज सल्लागार समितीत सर्व पक्षांचे लोक बसून कोणत्या विषयाला किती तास द्यायचे ते ठरवतात, हे टीव्ही दाखवत नाही.

दुसरी गोष्ट, कोणाची दुरुस्ती स्वीकारली गेली. वस्तू व सेवा कराची घटनादुरुस्ती ३ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यसभेत २०३ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाली. हा शून्य फसवा आहे, कारण अण्णा द्रमुकचे सदस्य सभात्याग करून गेले होते. खरे पाहण्याजोगे त्याआधी घडले. काँग्रेसच्या तीन मुख्य मागण्या होत्या. आंतरराज्य मालावरचा १ टक्का जादा कर काढावा, ही सरकारने मान्य केली. तंटे सोडवण्याच्या यंत्रणेची मागणी काही अंशी मानली. कराची कमाल मर्यादा घटनेत लिहावी, ही मानली नाही. तीनपैकी एक पूर्ण, एक अर्धी, एक नाही. दोन्ही बाजूंनी थोडे सोडले. हा हिशेब कागदावर मांडता येतो, आणि मला तो २०३ या आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण कसोटी आहे : कायदा करणारे सरकार गेल्यावर कायदा टिकतो का? इथे महाराष्ट्राच्या रोजगार हमीइतके चांगले उदाहरण मला माहीत नाही. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते, म्हणजे रोज सर्व पक्षांचे ऐकून घेणे हेच त्यांचे काम. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, १९६५ च्या सुमारास त्यांच्या कल्पनेची चाचणी झाली. १९७२ मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, योजना राज्यभर आली. त्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, आणि जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्याकडून घालायची असे ठरले. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा दुष्काळी गावातल्या मजुराच्या हाती पडू लागला. १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी कायदा एकमताने मंजूर केला.

हे एकमत सीमाप्रश्नाच्या ठरावासारखे फुकटचे नव्हते. शहरांनी कर सोसला. गावच्या बागायतदाराने मजुराला दुसरीकडे काम मिळण्याचा धोका पत्करला. बदल्यात त्याला रस्ते, बांध, पाझर तलाव मिळाले. डाव्या पक्षांना हवा होता तो कामाचा हक्क मिळाला, पण मजुरी मागणीपेक्षा कमीच राहिली. प्रत्येकाने काही दिले, काही घेतले. आणि पुढची गोष्ट पाहा. कायदा मंजूर झाला वसंतदादा पाटलांच्या काळात. तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी, तेव्हा शरद पवारांचे पुलोद सरकार होते, ज्यात जनता पक्ष होता, शेतकरी कामगार पक्ष होता. नव्या सरकारने तो जुन्यांचा म्हणून टाकून दिला नाही. योजनेवर लक्ष ठेवायला विधिमंडळाची सर्वपक्षीय समिती नेमली जाऊ लागली, आणि ती जिल्ह्याजिल्ह्यांत कामे पाहत फिरते. २००५ मध्ये देशाने असा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

कोणी म्हणेल, विरोधकाचे काम विरोध करण्याचे. तो सहकार्य करू लागला तर सरकारला जाब कोण विचारणार? हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच मी हजेरी, गोड भाषणे, एकत्र काढलेले फोटो, यांतले काही मोजायला सांगत नाही. समितीत कडक प्रश्न विचारून अहवाल सुधारणारा सदस्य विरोधही करतो आणि सहकार्यही. त्याच्या वाट्याला मात्र बातमी येत नाही. आरडाओरडा करणाऱ्याची येते. लुगर यांच्याबाबत तर मतदारांनीच शिक्षा दिली. आपण न मोजलेले काम कोणी किती दिवस करत राहील?

तेव्हा एक विनंती. पुढच्या वेळी आपले आमदार किंवा खासदार मते मागायला दारी येतील तेव्हा रस्ते-नळाबरोबर तीन प्रश्न विचारा. आपण कोणत्या समितीवर होतात आणि तिच्या किती बैठकांना गेलात? दुसऱ्या पक्षाची कोणती सूचना आपण मान्य केलीत, किंवा आपली कोणती त्यांनी मान्य केली? आधीच्या सरकारचे कोणते चांगले काम आपण पुढे चालवलेत? उत्तर वहीत लिहून ठेवा, तारखेसह. माझ्याकडे येणारा रुग्णही पहिल्यांदा अशा प्रश्नांवर चिडतो. पुढच्या खेपेला मात्र तो पायऱ्या मोजूनच येतो.