संगीतकार वसंत देसाई



तारकर्लीजवळ सागराला मिळणारी कर्ली नदी
ज्या कुडाळ तालुक्यातून वाहत येते,
त्याच तालुक्यातील सोनवडे गावी, १९१२ साली,
संगीतकार वसंत देसाई यांचा जन्म झाला.

प्रभात फिल्म कंपनीत पडेल ते काम करीत असताना,
दिग्दर्शक व्ही. शांताराम म्हणजेच शांतारामबापूंच्या सान्निध्यात,
देसाईंची प्रतिभा विकसित झाली.

रागसंगीत त्यांनी सामान्यजनांच्या ओठी आणले;
हेच त्यांचे थोर कार्य.

त्यांनी संगीत दिलेल्या ‘गूंज उठी शहनाई’ या चित्रपटामध्ये
बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई निनादली;
आणि ‘गुड्डी’मध्ये,
हिंदी चित्रसृष्टीत नवख्या असलेल्या वाणी जयराम यांच्या कंठातून,
मियाँ मल्हार राग असा काही बरसला,
की आजही मन चिंब होते.

पुन्हा सांगतो, श्रोतेहो :
रागसंगीत त्यांनी सामान्यजनांच्या ओठी आणले.

शाळाशाळांतील मुलांनाही त्यांनी,
मोठ्या जिव्हाळ्याने,
समूहगान शिकविले.